जिंजी बघायची तर आधी दगड बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुदुच्चेरीला चार दिवस मुक्काम आहे, त्यातला एक दिवस जिंजीसाठी काढायचा आहे. बरोबर सत्तरीचे वडील आहेत, त्यांचे गुडघे कुरकुरतात. अकरा वर्षांची मुलगी आहे, ती राजगड-तोरणा चढलेली आहे. एका दिवसात किल्ला होईल का, वडिलांना नेण्यात अर्थ आहे का, आणि "तिथे नुसते धोंड्यांचे ढीग आहेत, मराठ्यांचं काही उरलेलं नाही" असं जे एका मित्राने सांगितलं ते खरं का?

मी शिक्षणाने भूविज्ञानाचा आणि बरीच वर्षं तामिळनाडूतले किल्ले दाखवायला मराठी मंडळींचे गट नेतो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. धोंड्यांचे ढीग आहेत हे शंभर टक्के खरं. तुमच्या मित्राला ती तक्रार वाटली, मला ते जिंजीला जाण्याचं पहिलं कारण वाटतं. सह्याद्रीत तयार झालेली नजर घेऊन माणूस इथे येतो आणि माची शोधतो, तासलेला कडा शोधतो, कातळात खोदलेली टाकी शोधतो. ते काही मिळालं नाही की हिरमुसतो. दगडच वेगळा आहे, तर किल्लाही वेगळ्या तऱ्हेने उभा राहणार.

आपला सह्याद्री बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, म्हणून आपले डोंगर आडव्या पट्ट्यांचे दिसतात, माथे सपाट मिळतात आणि कडे सरळ तुटतात. किल्ला बांधणाऱ्याला वर आयतं पठार मिळतं, बाजूने आयता कडा मिळतो. जिंजीचा ग्रॅनाइट याहून फार जुना, अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचा. तो जमिनीखाली खोलवर सावकाश थिजला. वरचे थर झिजून गेले, ओझं हललं, तसा तो फुगला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भूविज्ञानात त्यांना सांधे म्हणतात. त्या भेगांतून पाणी मुरत गेलं. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे दोन-तीन बाजूंनी कुजतात, सपाट अंग एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी गेले आणि आत गोलसर गाभा उरला. कुजलेली रेव पावसाने वाहून नेली. उरले ते गोटे, कधी घराएवढे, एकावर एक रचल्यासारखे. ते कुणी रचलेले नाहीत आणि कुठून गडगडत आलेलेही नाहीत. बहुतेक जण जिथे घडले तिथेच आहेत.

मुलीला हे तिथे उभं राहून समजावून सांगा. एखादा मोठा धोंडा बघायचा, त्याच्या पोटाखालची भेग शोधायची आणि तीच भेग शेजारच्या धोंड्यातून पुढे जाते का ते बघायचं. बऱ्याचदा जाते. म्हणजे ते दोघे एकेकाळी एकच दगड होते. मुलांना हा खेळ इतका आवडतो की चढण विसरतात.

आता किल्ला. जिंजीत एक डोंगर नाही, तीन आहेत. पश्चिमेला राजगिरी, उत्तरेला कृष्णगिरी, आग्नेयेला चंद्रायनदुर्ग. तिन्हींवर स्वतंत्र किल्ले आणि तिन्हींना जोडणारी तटबंदी. नकाशावर ती ओबडधोबड त्रिकोणासारखी दिसते आणि तिचा घेर १२-१३ किलोमीटरांचा आहे. त्रिकोणाच्या पोटात सपाट जमीन, तळी, वाडे, कोठारं, देवळं. तिंडीवनम-तिरुवण्णामलै हमरस्ता हाच तट ओलांडून आतून जातो. बसमधून जाणाऱ्याला तर आपण किल्ल्यात शिरलो आणि बाहेरही पडलो हे कळतसुद्धा नाही. रस्त्याच्या उत्तरेला कृष्णगिरी राहतो, दक्षिणेला राजगिरी आणि चंद्रायनदुर्ग.

तटाजवळ गेलात की एक गोष्ट नीट बघा. भिंत सरळ चालत येते, समोर मोठा धोंडा येतो आणि भिंत तिथे संपते. धोंड्याच्या पलीकडून पुन्हा सुरू होते. कधी धोंड्याच्या डोक्यावर चार थर चढवून वर जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, काढलेल्या असतात, कधी दोन धोंड्यांमधली फट तेवढी चिणलेली असते. शाळेच्या प्रश्नपत्रिकेतल्या 'गाळलेल्या जागा भरा'सारखं आहे हे: वाक्य डोंगरानेच लिहिलेलं, गवंड्याने मोकळ्या जागा तेवढ्या भरल्या. म्हणून कुठला दगड नैसर्गिक आणि कुठला बांधलेला हे ओळखत चालणं हीच जिंजी बघण्याची पद्धत. ज्यांना ती सापडते ते चढताना दर वळणावर थांबतात. ज्यांना सापडत नाही ते "किती पायऱ्या राहिल्या" एवढंच विचारतात.

धोंड्यांवर कुठे ओळीने कोरलेली छोटी चौकोनी भोकं दिसली तर ती खूण पाथरवटांची. भोकांत पाचरी ठोकून दगड सरळ रेषेत फोडायची ही जुनी रीत. फोडायचं अर्धवट राहिलेला दगड मिळाला तर बांधकामाचं सामान किती जवळून यायचं याचा अंदाज लागतो.

पाण्याची गोष्टही दगडावरच येते. बेसाल्टमध्ये थरांच्या सांध्यावर टाकं खोदलं की झिरपा मिळतो. अखंड ग्रॅनाइटमध्ये असा थर नाही. इथे पाणी भेगांत राहतं आणि धोंड्यांच्या बेचक्यांत साचतं. म्हणून इथल्या लोकांनी खोदण्यापेक्षा अडवण्यावर भर दिला. राजगिरीवर झरे आणि पावसाच्या पाण्याचे साठे आहेत, पायथ्याशी चक्रकुळम, चेट्टीकुळम आणि हत्तींसाठीचं आनैकुळम अशी तळी आहेत. तळ्यांच्या काठच्या दगडी पायऱ्या आजही धड आहेत.

इतिहास सगळा सांगत बसत नाही, पण पाटी वाचून घोटाळा होऊ नये म्हणून क्रम सांगतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस आनंद कोन नावाच्या स्थानिक धनगर समाजातल्या प्रमुखाने इथे पहिली तटबंदी केली असं परंपरा सांगते. राजगिरीचं जुनं नाव कमलगिरी. त्याच्यानंतर कृष्ण कोनाने कृष्णगिरी मजबूत केला. पुढे विजयनगर आणि त्यांचे जिंजीचे नायक, म्हणजे मांडलिक सरदार, आले. आज खाली जे देखणं बांधकाम दिसतं, त्यातलं बरंचसं या नायकांचं. १६४९ च्या सुमारास विजापूरकरांनी किल्ला घेतला. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी तो विजापूरच्या किल्लेदाराकडून, नासीर मुहंमद खानाकडून घेतला. १६९८ मध्ये मोगलांकडे गेला, पुढे बुंदेले, अर्काटचे नवाब, १७५० मध्ये फ्रेंच, १७६१ मध्ये इंग्रज.

मराठ्यांचं काही उरलं नाही, या वाक्याला अर्धं उत्तर आहे. शिवाजी महाराजांनी किल्ला घेतल्यावर लगेच तो नव्याने बांधायला काढला. त्या काळात मदुरै भागात असलेल्या आंद्रे फ्रेइर या जेझुइट पाद्र्याच्या १६७८ च्या पत्रात नवे तट, खंदक, बुरूज आणि पाण्याचे साठे बांधल्याची नोंद आहे, आणि युरोपातल्या बांधणीलाही कमीपणा येणार नाही असं काम झाल्याचं तो म्हणतो. ज्याला महाराजांचं कौतुक करायचं काही कारण नव्हतं अशा माणसाची ही साक्ष आहे. म्हणजे मराठ्यांचं काम आहे ते तटात आणि खंदकात. अमुक वाडा मराठ्यांचा, तमुक देऊळ मराठ्यांचं असं बोट दाखवायला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. मराठी अक्षरं दगडावर वाचायची असतील तर तंजावरच्या बृहदीश्वराच्या आवारात जा, तिथे भोसल्यांचा भला मोठा मराठी शिलालेख आहे.

राजाराम महाराजांचं जिंजीपर्व तुम्हाला माहीत असेलच. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर रायगड पडला, राजाराम महाराज पन्हाळ्याहून निसटून १६८९ च्या अखेरीस इकडे पोहोचले. इथूनच राज्य चाललं. प्रल्हाद निराजींना प्रतिनिधी हे नवं पद इथेच मिळालं. तिकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य सगळा भार वाहत होते. १६९० पासून मोगल सरदार झुल्फिकारखान वेढा घालून बसला, मागाहून त्याचा बाप असदखान आणि शाहजादा कामबक्षही आले. तरी किल्ला पडायला १६९८ उजाडलं, आणि तोवर राजाराम महाराज बाहेर पडलेले होते.

आठ वर्षं का लागली, हे खाली उभं राहून कळत नाही. राजगिरीच्या माथ्यावरून कळतं. तीन डोंगर, प्रत्येक स्वतंत्र लढू शकेल असा. १२-१३ किलोमीटरांच्या घेराला बाहेरून पक्की नाकाबंदी करायची तर किती माणसं लागतील आणि त्यांना रोज धान्य कुठून आणणार? आतल्यांना एखादी वाट उघडी ठेवणं तुलनेने सोपं होतं. त्यात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव बाहेरून मोगलांची रसद तोडत होते. १६९२ च्या अखेरीस संताजींनी मोगल सरदार अलिमर्दानखानाला पकडलं, मोगलांच्या छावणीत उपासमार झाली, कामबक्षच मराठ्यांशी बोलणी करतोय या संशयावरून त्याला कैद करावं लागलं, आणि झुल्फिकारखानाला वेढा उठवून वांदिवाशला, म्हणजे आजच्या वंदवासीला मागे सरावं लागलं. झुल्फिकारखान मनापासून लढत होता का, हा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता. माझं मत असं की, मनापासून लढला असता तरी पहिल्या दोन वर्षांत त्याला जिंजी मिळाली नसती. दगड आणि घेर त्याच्या विरुद्ध होते. मात्र दगड सगळं करत नाही. याच किल्ल्यावर १७५० मध्ये फ्रेंचांनी रात्री हल्ला केला आणि एका रात्रीत तो घेतला. पहाऱ्यावरची माणसं आणि बाहेर फिरती फौज नसेल तर धोंडे धोंडेच राहतात.

आता प्रत्यक्ष भेटीचं. पुदुच्चेरीहून जिंजी ७० किलोमीटरच्या आसपास, तिंडीवनमवरून. गाडीने दीड-दोन तास धरा. तिकीट खिडकी नऊला उघडते, पाचला किल्ला बंद. राजगिरीवर दुपारनंतर उशिरा चढू देत नाहीत. तीन वाजता पोहोचून "जाऊ द्या ना साहेब" करणारे मराठी गट मी पाहिले आहेत, उपयोग होत नाही. सकाळी साडेसहाला निघा, गावात इडली-पोंगल आणि कॉफी घ्या आणि नऊला खिडकीवर असा. किल्ला गावापासून पश्चिमेला दोनेक किलोमीटर आहे. रिक्षावाल्याला 'सेंजी कोट्टै' सांगितलं की पुरे. राजगिरीला 'राजा कोट्टै' आणि कृष्णगिरीला 'राणी कोट्टै' म्हणतात, त्यामुळे कुठे सोडायचं तेही सांगा. तिकीट जपून ठेवा, दुसऱ्या टेकडीलाही तेच चालतं.

आधी राजगिरी चढा, मग खालचं बघा. लोक उलटं करतात, कारण वाटेत आधी खालचे वाडे लागतात आणि तिथे सावलीत बरं वाटतं. अकरा वाजता चढायला लागलं की ग्रॅनाइट तापलेला असतो, वरून ऊन आणि खालून झळ. राजगिरी पायथ्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंच. पायऱ्या हजाराहून जास्त. राजगड चढलेल्या मुलीला हे काहीच नाही, पण पायऱ्यांची उंची सारखी नाही. काही गुडघ्याएवढ्या उंच, काही पसरट. नेहमीच्या चालीने वर जायला दीड तास, वर पाऊण तास, उतरायला तास. म्हणजे साडेबाराच्या सुमाराला खाली.

सुरुवातीच्या टप्प्यात झाडांची सावली आहे. वाटेत कमलकण्णी अम्मनचं छोटं देऊळ लागतं, ही राजगिरीची जुनी देवता. त्यानंतर वाट धोंड्यांच्या आणि तटाच्या मधून एकामागून एक दरवाज्यांतून जाते. दरवाजे मोजत बसू नका, प्रत्येक दरवाजा कुठल्या दोन धोंड्यांच्या आधाराने बसवलाय ते बघा. चढणारा शत्रू शेवटच्या क्षणापर्यंत दरवाजा बघू शकणार नाही, अशी वळणं डोंगरानेच दिलेली आहेत. रायगड-प्रतापगडावर आपण ज्याचं कौतुक करतो ती गोमुखी रचना तिथे बांधून काढावी लागली. इथे ती बरीचशी आयती मिळाली.

माथ्याजवळ राजगिरीची खरी गंमत आहे. बालेकिल्ल्याचा सुळका मुख्य डोंगरापासून एका खोल घळीने वेगळा झालेला आहे. घळ सातेक मीटर रुंद आणि अठरा-वीस मीटर खोल. ही मूळची भेग. वर सांगितलेल्या सांध्यांपैकीच एक मोठा सांधा, माणसाने पुढे आणखी तासून खोल केलेला. पूर्वी यावर काढता येणारा लाकडी पूल होता. तो ओढून घेतला की विषय संपला. आता पक्का पूल आहे. मुलीचा हात धरा, ती कितीही तयारीची असली तरी. पुलावर उभं राहून घळीच्या दोन्ही भिंती समोरासमोर बघा, एकमेकींना जुळतील अशा आहेत.

वर रंगनाथाचं देऊळ, कोठारं, दारूगोळ्याची खोली आणि टेहळणीची जागा आहे. वारा जोरात असतो, टोपी सांभाळा. इथून उत्तरेकडे रस्त्यापलीकडचा कृष्णगिरी आणि खाली तटाची रेघ धोंड्यांमधून कशी नागमोडी जाते ते दिसतं. बरोबर नकाशाचा प्रिंट ठेवा आणि इथे उघडा. फोनवर बघू म्हणाल तर उन्हात पडद्यावर काही दिसत नाही.

आता वडिलांचं. त्यांना अवश्य न्या, फक्त राजगिरी चढवू नका. चढण्यापेक्षा उतरताना त्या विषम पायऱ्या गुडघ्यांचा जीव घेतात. तुम्ही वर असाल तेवढ्या वेळात ते खालचा किल्ला निवांत बघू शकतात, आणि खालचा किल्ला हा दुय्यम माल नाही. कल्याण महाल बघायला तासभर सहज जातो. चौकोनी अंगण, चारी बाजूंनी खोल्या, आणि मधोमध मजल्यांवर मजले चढवत गेलेला, वर निमुळत्या छपराचा मनोरा, साधारण २७ मीटर उंच. प्रत्येक मजल्यावर एक छोटी खोली आणि भोवती कमानींचा सज्जा. बाहेरच्या तलावातून मातीच्या नळांनी याच्या वरच्या मजल्यापर्यंत पाणी चढवलेलं होतं. कमानी मुसलमानी वळणाच्या, छप्पर देवळाच्या शिखराच्या वळणाचं, हे मिश्रण नायकांच्या काळातल्या दक्षिणी राजवाड्यांत दिसतं. शेजारी घोड्यांच्या पागांची लांब रांग, व्यायामशाळा आणि कोठार आहे. कोठाराच्या भिंतींची जाडी आत शिरून बघा. बाहेर रणरणतं ऊन असतानाही आत गार वाटतं, धान्य टिकवायची ती युक्ती.

तिथेच एक गुळगुळीत मोठी शिळा आहे, लोडासकट. राजाची बसायची-नाहायची जागा म्हणून दाखवतात. चक्रकुळमजवळ एक पोकळ भला मोठा धोंडा आहे, वरून तोंड असलेला. त्याला कैद्यांची विहीर म्हणतात. कैद्यांना त्यात टाकून उपाशी मारत अशी कथा आहे. कथा खरी असो-नसो, ती पोकळी मात्र निसर्गाची आहे. ग्रॅनाइटच्या पोटात अशा खळग्या-पोकळ्या कुजण्याने होतात.

चेट्टीकुळमच्या परिसरात राजा देसिंगच्या आठवणी आहेत. मोगलांनी जिंजी बुंदेल्या स्वरूपसिंहाकडे सोपवली, त्याचा मुलगा तेजसिंह. तामिळ लोकांनी त्याचा देसिंग केला. १७१४ मध्ये अर्काटच्या नवाब सादतुल्लाखानाशी खंडणीवरून बिनसलं आणि बावीस-तेवीस वर्षांचा हा पोरगा मूठभर लोकांनिशी चालून गेला आणि पडला. त्याची बायको सती गेली, तिच्या आठवणीने नवाबाने राणीपेट वसवलं म्हणतात. या भागात देसिंगचे पोवाडे गातात, त्याच्या मुसलमान मित्रासकट. तिकडच्या माणसाला जिंजी म्हटलं की राजाराम आठवत नाही, देसिंग आठवतो. आपल्या गटांना याचा थोडा राग येतो असं मी पाहिलंय. राग धरू नये. त्यांच्याकडे वर्षभर राज्य केलेला पण गाण्यात उरलेला राजा आहे, आपल्याकडे बखरी आहेत. देसिंगवरच्या विजयाची आठवण म्हणून सादतुल्लाखानाने बांधलेली १७१७-१८ ची मशीदही जवळच आहे. बहुतेक लोक तिच्यासमोरून न थांबता जातात. थांबा, दगडकाम नेटकं आहे.

वेंकटरमण देऊळ मोठं आहे आणि आज मोकळं आहे. गोपुराच्या दाराच्या दोन्ही अंगांना रामायण आणि समुद्रमंथनाची शिल्पं आहेत, ती वडिलांना आवडतील. इथले उंच अखंड दगडी खांब फ्रेंचांनी पुदुच्चेरीला नेले. तुम्ही संध्याकाळी पुदुच्चेरीच्या समुद्रकाठी फिराल तेव्हा गांधीजींच्या पुतळ्याभोवती जे कोरीव ग्रॅनाइटचे खांब दिसतील ते जिंजीहून आणलेले. आधी ते खांब बघून मग देऊळ बघितलंत तर जास्त पोचतं.

दुपारचं जेवण गावात केळीच्या पानावर करा. मग अंगात बळ उरलं तर कृष्णगिरी. तो राजगिरीपेक्षा ठेंगणा, पायऱ्या बऱ्या, माणसं कमी. वर घुमटाचा दरबारी मंडप आहे, कृष्णाचं आणि रंगनाथाचं देऊळ, कोठारं आणि तेल-तूप साठवायची हौदासारखी जागा. खरं सांगायचं तर बारीकसारीक बघणाऱ्यांना मी कृष्णगिरीच सुचवतो. फोटोची हौस असेल तर नक्कीच: सकाळी पूर्वेचं ऊन राजगिरीच्या अंगावर पडतं, आणि तो अख्खा धोंड्यांचा डोंगर उजळलेला बघायची जागा म्हणजे कृष्णगिरीचा माथा. ज्यांना दोन दिवस आहेत त्यांनी पहिल्या दिवशी दुपारी खालचा किल्ला, दुसऱ्या दिवशी सकाळी एक डोंगर आणि झेपलं तर दुसरा असं करावं. तुम्हाला एकच दिवस आहे, म्हणून राजगिरी आधी. चंद्रायनदुर्ग सोडून द्या. वाट मोडलेली आहे, काटेरी झुडपं आणि सुटे धोंडे आहेत, मुलीला घेऊन तिथे जायचं काही कारण नाही.

ऋतू म्हणाल तर डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी उत्तम. इथला मोठा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत नसतो, ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. दिवाळीच्या सुट्टीत येणारी मराठी मंडळी नेमकी त्यात सापडतात. ओला ग्रॅनाइट स्वतः फारसा दगा देत नाही. दगा देतात त्यावरचे काळे ओघळ, जिथे शेवाळ वाळून चिकटलेलं असतं आणि पाणी लागताच बुळबुळीत होतं. काळा पट्टा दिसला की पाय बाजूला ठेवायचा. कोरड्या दिवसात भीती रेवेची: कुजलेल्या ग्रॅनाइटचे बारीक दाणे उतारावर साचतात आणि त्यावरून पाय सटकतो. ट्रेकचे खोल नक्षीच्या तळाचे बूट घाला, गुळगुळीत झालेले जोडे नकोत. उन्हाळ्यात आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं की माथ्यावरून लगेच खाली या. उघड्या सुळक्यावर वीज हा खरा धोका आहे, आणि तिथे आडोसा म्हणून धोंड्याखालच्या फटीत शिरणं शहाणपणाचं नाही.

माणशी दोन लिटर पाणी. वर काही मिळत नाही. माकडं भरपूर आणि सराईत आहेत. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की ती गेली. खाणं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये, आणि वर उघडूच नका. मुलीला आधीच सांगून ठेवा की माकडाने काही ओढलं तर सोडून द्यायचं, झटापट करायची नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात जिंजी आहे. बारांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आपल्याकडचे गट भेटण्याची शक्यता वाढली आहे. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. आणि पौर्णिमा नक्की टाळा. त्या दिवशी तिरुवण्णामलैला अरुणाचल डोंगराच्या प्रदक्षिणेसाठी प्रचंड गर्दी जाते, याच रस्त्याने. बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि संध्याकाळी परतताना तिंडीवनमपर्यंत रेंगाळावं लागतं. कार्तिक दीपम या तिथल्या मोठ्या सणाच्या आठवड्यात तर विचारूच नका.

कृष्णगिरी करायचा नसेल आणि दुपारी दोन-तीन तास हाताशी असतील तर दोन जागा सांगतो, दोन्ही दगडांच्याच. एक, गावाच्या उत्तरेला चार-पाच किलोमीटरवरचं सिंगवरम. टेकडीत कोरलेल्या पल्लवकालीन गुहेत शेषशायी रंगनाथ आहे, अखंड कातळातला. पायऱ्या थोड्या आहेत, वडिलांनी हळूहळू चढाव्यात. दुसरी, विळुप्पुरमकडे जाताना लागणारं मंडगपट्टू. सातव्या शतकातला पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मा याने तिथल्या शिलालेखात वीट, लाकूड, धातू आणि चुना न वापरता ब्रह्मा, विष्णू, महेशासाठी हे देऊळ केलं असं लिहून ठेवलंय. गुहा लहान आहे, अर्ध्या तासात होते, चढण जवळजवळ नाही. वडिलांचे गुडघे आणि तुमचा वेळ बघता मी मंडगपट्टू निवडेन. तिथून विळुप्पुरममार्गे पुदुच्चेरी गाठता येते, म्हणजे आल्या वाटेने परत जावं लागत नाही. गाडी ठरवतानाच चालकाला हा वळसा सांगून भाडं पक्कं करा, तिथे पोचल्यावर नको.